बी-वन सोडून परत ए-टूला बसू का?

ताई,

मी २७ वर्षांची, जीएनएम म्हणजे नर्सिंगची पदविका झालेली, रामदासपेठेतल्या एका खासगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. जर्मनीला जायचं म्हणून मागच्या वर्षीपासून धरमपेठेत संध्याकाळचा जर्मनचा क्लास करून राहिली आहे. ए-वन म्हणजे पहिली पायरी, ती मजेत झाली. दुसरी, ए-टू, कशीबशी. क्लासच्या परीक्षेत पास झाले, पण इव्हिनिंग ड्युटी लागली की क्लास बुडायचा, आणि इव्हिनिंग तर दर महिन्याला लागतेच. आता तिसरी, बी-वन, सुरू होऊन सहा आठवडे झाले. मॅडम सगळं जर्मनमधूनच बोलतात. बाकीचे हसले की मीही हसते, कशावर ते कळत नाही. गृहपाठ मोबाइलवर भाषांतर करून उतरवते, तुमच्यापासून काय लपवू.

मागच्या आठवड्यात क्लासला जाता आलं नाही, तर मॅडमना मोठ्या हौसेनं जर्मनमध्ये मेसेज टाकला: ‘इश हाबे गेस्टर्न निश्ट त्सुम कुर्स गेकोमेन, वाइल इश हाबे नाख्टडीन्स्ट.’ काल मी आले नाही कारण मला नाइट होती, असं म्हणायचं होतं. मॅडमचं उत्तर आलं, ‘ए-टूचा दुसरा भाग परत करून बघतेस का? त्या बॅचमध्ये मी तुला घेते.’ तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. बाबांनी अख्ख्या लेआउटमध्ये सांगून ठेवलं आहे की पोरगी जर्मनीला चालली. कन्सल्टन्सीवाले म्हणतात, डिसेंबरात पुण्याला बी-वनची परीक्षा देऊन टाक, आमच्या नोट्स वाचल्या की होऊन जाते, खाली गेलीस तर सहा महिने पाण्यात. माझ्यासोबत सुरुवात केलेल्या दोघी पुढे निघून जातील ते वेगळंच. खाली जाऊ की दात-ओठ खाऊन इथेच टिकू?

— एक परिचारिका, वासुदेवनगर, नागपूर

—

खाली जा. मॅडम म्हणतात तसं दुसऱ्या भागाला बस, पार पहिल्या धड्यापासून नको. उत्तर एवढंच आहे. पण मॅडम म्हणाल्या, ताई म्हणाली, म्हणून जाऊ नकोस. कारण तुझ्याच मेसेजमध्ये आहे, ते आधी नीट बघ.

त्या एका वाक्यात तीन चुका आहेत. ‘गेकोमेन’सोबत तू ‘हाबे’ लावलंस, तिथे ‘बिन’ हवं. येणं-जाणं, एका जागेवरून दुसरीकडे हलणं असलं की हा भूतकाळ ‘झाइन’ क्रियापदानं होतो, आणि ‘बिन’ हे त्याचंच रूप. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’, त्याच्यानंतर क्रियापद वाक्याच्या शेवटी जातं, तू ते मध्येच बसवलंस. आणि ड्युटी कालची, तर ‘हाबे’ नाही, ‘हाटे’. म्हणजे वाक्य असं व्हायला हवं होतं: ‘इश बिन गेस्टर्न निश्ट त्सुम कुर्स गेकोमेन, वाइल इश नाख्टडीन्स्ट हाटे.’ ह्या तिन्ही गोष्टी ए-वनच्या शेवटी आणि ए-टूमध्ये शिकवतात. बी-वनची चूक त्यात एकही नाही, कारण बी-वनचं व्याकरण वापरायची वेळच तुझ्यावर आली नाही. ‘त्सुम कुर्स’ मात्र अगदी बरोबर आलं आहे. ते बहुधा क्लासमध्ये रोज कानावर पडून तोंडात बसलं असेल. शिकवणाऱ्या बाईंना हे सगळं एका नजरेत दिसतं. त्यांनी तुला नापास केलेलं नाही, जागा दाखवली आहे.

‘वाइल’ची चूक तर तुझ्याकडून व्हायलाच नको होती. मराठीत आपण ‘कारण मला नाइट होती’ असंच म्हणतो, ‘होती’ शेवटी. जर्मनलाही इथे तेच हवं आहे. तरी गडबड झाली, कारण तू आधी मनात इंग्रजी जुळवलंस, ‘बिकॉज आय हॅव नाइट ड्युटी’, आणि मग एकेक शब्द बदलत गेलीस. आपल्याकडे बहुतेक क्लासमध्ये समजावणं इंग्रजीतून असतं, त्यामुळे हे फार जणांचं होतं. पुढच्या वेळी ‘वाइल’ आणि ‘दास’ (म्हणजे आपलं ‘की’) आले की इंग्रजीला बाजूला बसव आणि मराठीवरून सरळ जाऊन बघ. नामांच्या तीन लिंगांचंही तसंच. तो-ती-ते आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. हिंदी किंवा इंग्रजी घेऊन आलेल्यांना तिसरं लिंग ही कल्पनाच आधी पचवावी लागते. कुठल्या नामाला कुठलं लिंग हे पाठच करावं लागतं, त्यात मराठीची मदत नाही. असो.

आता जड जाण्याबद्दल. बी-वन सगळ्यांनाच जड जातं. गोष्ट सांगायचा भूतकाळ येतो, ‘गेहेन’चं ‘गिंग’ होतं, ‘श्राइबेन’चं ‘श्रीब’. जो-जी-जेची लांब वाक्यं येतात, कर्मणी प्रयोग येतो, ‘असतं तर केलं असतं’वाली वाक्यं येतात. ऐकायला रेडिओवरची चर्चा लावतात आणि कोण काय म्हणालं ते विचारतात. सहाव्या आठवड्यात ह्यातलं अर्धं डोक्यावरून जाणं अगदी रीतसर आहे, आणि नुसतं तेवढंच होत असतं तर मी तुला लिहिलं असतं की गप बस, चिवटपणे जात राहा, दोन महिन्यांनी कान उघडतील. अशी पत्रंही येतात. नवी मॅडम भराभर बोलते म्हणून घाबरून खाली जायला निघालेल्या मुली असतात. त्यांना जाऊ नका म्हणूनच सांगावं लागतं. ताप दोघींना असला तरी एकीला पाणी आणि विश्रांती पुरते, दुसरीचं रक्त तपासावं लागतं, हे मी तुला काय सांगायचं.

म्हणून तपासून घे. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपल्याकडे ज्याला मॅक्सम्युलर भवन म्हणतात, त्यांच्या संकेतस्थळावर ए-टूच्या परीक्षेचा सराव संच फुकट आहे, ऐकण्याच्या ध्वनिफितींसकट. वाचन, ऐकणं आणि लेखन, प्रत्येकी साधारण अर्धा तास. बोलण्याचा भाग वेगळा, तो एकटीनं होत नाही. चारही भागांना २५-२५ गुण, एकूण १००, पास व्हायला ६० लागतात. नाइट करून आल्यावर नाही, ऑफच्या दिवशी नीट झोप झाल्यावर बस. मोबाइल आईकडे दे. लेखनाचा कागद मॅडमकडून तपासून घे आणि बोलण्याची दहा मिनिटं त्यांच्याकडेच माग. उत्तरसूचीवरून स्वतःचं लेखन तपासायला बसलं की माणूस स्वतःला मार्क वाटत सुटतो.

८० च्या वर आलीस तर माझं पहिलं वाक्य खोडून टाक आणि बी-वनमध्येच राहा. तुझा प्रश्न मग सरावाचा आणि धीराचा आहे. ६० ते ८० मध्ये अडकलीस तर खाली जा. ६० च्या खाली आलीस तर विचारही करू नकोस. हे ८० कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, तो माझा ठोकताळा आहे. पास व्हायला ६० पुरतात, पण त्याचा अर्थ असा की दहातल्या चार गोष्टी हातून सुटल्या तरी चालतं. पुढची पायरी त्या चार गोष्टी येतात असं धरूनच शिकवतात. तुझं उत्तर कुठे पडेल ह्याचा मला तुझ्या मेसेजवरून अंदाज आहे, पण तू तो स्वतः बघितलास तर पुढे कोणी काही बोललं तरी मन डळमळणार नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या मनात असावी असं पत्रावरून वाटतं, की ए-टू म्हणजे पोरखेळ आणि खरं जर्मन बी-वनपासून. तुझ्या बाबतीत तर हे साफ उलटं आहे. वॉर्डातलं तुझं जर्मन कसलं असणार आहे? सकाळी ड्युटी बदलताना हँडओव्हर द्यायचा. पाच नंबरच्या आजोबांना रात्री दोनदा उलटी झाली. मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी इंजेक्शन सांगितलं, मी दिलं. नंतर ते झोपले. पहाटे उठून बाथरूमला गेले, पडले नाहीत. सगळं झालेलं, सगळं भूतकाळात, आणि तो भूतकाळ नेमका ए-टूचाच, ‘हाबे’ की ‘बिन’ ठरवायला लावणारा. त्यात आणखी, कोणाला काय दिलं. ‘इश हाबे डेम पात्सिएन्टेन डी टाब्लेटे गेगेबेन’, मी पेशंटला गोळी दिली. ‘डेम’च्या जागी ‘डेअर’ किंवा ‘डेन’ पडलं तर समोरची नर्स तुला समजून घेईल, पण आठ पेशंटचा हँडओव्हर अशा तऱ्हेनं ऐकताना तिला प्रत्येक वाक्याला थांबून विचारावं लागेल: कोण, कोणाला, कधी? हे चतुर्थी विभक्तीचं प्रकरणही ए-टूचंच. घरांच्या टंचाईवर मत मांडणं, पर्यावरणावर सादरीकरण करणं हे बी-वनला येतं आणि ते यायलाच हवं, पण तुझी रोजची भाकरी ए-टूत भाजली जाणार आहे.

ए-टू, बी-वन ही नावं कुठल्या क्लासनं काढलेली नाहीत. कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली ही सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, ए-वनपासून सी-टूपर्यंत, आणि त्यात प्रत्येक पायरीला माणसाला त्या भाषेत काय करता येतं एवढंच लिहिलं आहे. किती दिवसांत चढायचं हे नाही. तासांचा अंदाज गोएथे इन्स्टिट्यूट देतं: ए-टूपर्यंत पोचायला ४५ मिनिटांचे २०० ते ३५० तास, बी-वनपर्यंत ३५० ते ६५०. ३५० आणि ६५० मधलं अंतर बघ. दोघीही बी-वनलाच पोचतात, आणि एकीला दुसरीच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. तुझ्या क्लासच्या फीच्या पावतीवर जेवढे तास छापले आहेत तेवढे तू बसलीस का? बुडालेल्या संध्याकाळी वजा कर, म्हणजे तू मंद आहेस की तुझे तास कमी पडले आहेत ते कळेल. मला दुसरं वाटतं.

आणि हीच ह्या सगळ्यातली खरी मेख आहे. तू खाली गेलीस, पण ड्युटी तशीच राहिली, तर दुसऱ्या वेळीही त्याच जागी भोकं पडतील. कदाचित वेगळ्या धड्यांना पडतील, पण पडतील. दुपारी दोन ते रात्री आठची इव्हिनिंग आणि साडेसहाचा क्लास ह्यांचं जमणं शक्य नाही. तेव्हा मॅडमना होकार द्यायच्या आधी मेट्रन सिस्टरांना भेट. महिन्याचा चार्ट लागायच्या आधी भेट, लागल्यावर नाही. चार्ट भिंतीवर चढला की कोणी हात लावत नाही. ‘इव्हिनिंग नको’ असं म्हणू नकोस, कोणालाच नको असते. कोणती इव्हिनिंग कोणासोबत बदलायची ते आधी ठरवून, त्या मुलीला सोबत घेऊन जा. बदल्यात तू तिच्या नाइट घे. नाइट आठला सुरू होते. क्लास साडेआठला सुटत असेल तर ते पण गणित बसत नाही, म्हणजे नाइटच्या दिवशी मॅडमना आधी सांगून निदान तासभर आधी निघावं लागेल. क्लासजवळच्या शंकरनगरहून रामदासपेठ काही लांब नाही, पण वर्दी बदलून पेशंट ताब्यात घ्यायचे असतात. रविवार सणासुदीला ड्युटी करायची तयारी दाखवलीस तर मेट्रनही ऐकतात, असा अनुभव अनेकजणी सांगतात.

हे काहीच जमलं नाही तर? तर संध्याकाळची बॅच सोड. सकाळची किंवा शनिवार-रविवारची बॅच असेल तर ती बघ, मग ती दुसऱ्या क्लासची असली तरी चालेल, ऑनलाइन असली तरी चालेल. मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी तुला वेळेवर सांगितलं, त्यांचं मन मोडेल वगैरे सगळं खरं, पण तू ज्या वर्गात बसू शकत नाहीस तो कितीही चांगला असून काय उपयोग. बुडालेल्या तासाचं काय करतात हे बॅच निवडताना विचार: रेकॉर्डिंग देतात का, दुसऱ्या बॅचमध्ये तो धडा बसू देतात का. फीचंही आत्ताच बोल. बी-वनची भरलेली फी पुढे वळती होईल का, दुसऱ्या भागाचे वेगळे पैसे लागतील का, आणि जे ठरेल ते पावतीवर किंवा निदान मेसेजवर लिहून घे. तोंडी ठरलेलं सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही, आणि त्यात कोणाचं वाईट मन असतं असंही नाही.

कन्सल्टन्सीवाल्यांचं म्हणणं मला पटत नाही, आणि का ते सांगते. बी-वनच्या गोएथे परीक्षेचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं. प्रत्येक भाग १०० गुणांचा आणि प्रत्येकात स्वतंत्रपणे ६० हवेत. वाचनात ९० मिळवले म्हणून लेखनातले ४० भरून निघत नाहीत. लेखनाला एक तास असतो आणि तीन मजकूर लिहायचे असतात: ओळखीच्या माणसाला साधारण ८० शब्दांची मेल, एका विषयावर स्वतःचं मत तेवढ्याच शब्दांत, आणि साधारण ४० शब्दांची औपचारिक मेल. तिथे भाषांतर करणारा मोबाइल नाही. बोलण्याच्या वेळी शेजारी एक अनोळखी परीक्षार्थी असतो, त्याच्यासोबत काहीतरी बेत आखायचा, मग एका विषयावर बोलायचं आणि तो विचारेल त्याला उत्तर द्यायचं. नोट्स वाचून वाचनाचा भाग कदाचित निघेल. तुझा मेसेज वाचून लेखनाबद्दल मी असं म्हणणार नाही. राहिलेले भाग नंतर वेगळे देता येतात ही सोय आहे खरी, पण प्रत्येक वेळी फी, पुण्याचा रात्रभराचा प्रवास आणि दोन रजा.

आणि समजा निघाली परीक्षा. पुढे काय? परिचारिका म्हणून तुझ्या पदविकेला जर्मनीत पूर्ण मान्यता मिळायची तर साधारणपणे बी-टू मागतात; काही राज्यांत नर्सिंगच्या कामाच्या भाषेची वेगळी परीक्षाही घेतात. त्या बी-टूला गोएथेच्याच अंदाजानं एकूण ६०० ते ८०० तास लागतात. म्हणजे डिसेंबरात घाई करून तू वाचवलेले महिने बी-टूच्या वर्गात सव्याज परत जाणार, आणि तिथे खाली यायचं म्हटलं तर दोन पायऱ्या यावं लागेल. कन्सल्टन्सीला तुझं बी-वनचं प्रमाणपत्र फाइलला लावायची घाई आहे. तो त्यांचा धंदा आहे, त्यात नवल नाही. पण त्यांचं कॅलेंडर तुझं धरू नकोस.

जाता जाता एवढं बघून घे. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला आपल्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि ती ई-मायग्रेट ह्या सरकारी संकेतस्थळावर तपासता येते. जर्मनीत परिचारिकांच्या भरतीसाठी ‘फेअरे आनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलान्ट’ नावाचा सरकारी दर्जाचिन्हाचा शिक्का आहे. तो ज्यांच्याकडे आहे त्यांना भरतीचा खर्च नर्सकडून घेता येत नाही, तो नोकरी देणाऱ्यानं करायचा असतो. तुझ्याकडून कोणी मोठी रक्कम किंवा मूळ प्रमाणपत्रं मागत असेल तर देऊ नकोस. बाँडवर सही करायची वेळ आली तर तो कागद आधी एखाद्या वकिलाला दाखव.

लोकांचं म्हणशील तर, लेआउटमधल्या काकूंना ए-टू आणि बी-वनमधला फरक ठाऊक नाही. त्यांना ‘क्लास चालू आहे’ एवढं सांगितलं तरी पुरतं, आणि ते खोटंही नाही. बाबांना मात्र खरं सांग, आणि मॅडमच्या तोंडून नाही, तुझ्या तोंडून. त्यांना पायऱ्यांचं समजावत बसू नकोस. हँडओव्हरचं उदाहरण दे. मुलगी पेशंटबद्दल चुकीचं बोलून बसेल ही गोष्ट बापाला लगेच कळते. त्या दोघी पुढे जातील, जाऊ दे. त्यांच्या ए-टूच्या वह्या मात्र आजच मागून घे, तू ज्या संध्याकाळी वॉर्डात होतीस त्या संध्याकाळचं फळ्यावरचं त्यांच्याकडे उतरवलेलं असणार. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधूनही बाहेर पडू नकोस. बी-वनला पोचशील तेव्हा त्यांच्या जुन्या ध्वनिफिती आणि लेखनाचे नमुने तिथेच मिळतील.

खालच्या वर्गात गेल्यावर एक धोका असतो, तो आत्ताच ओळखून ठेव. पहिले दोन आठवडे सगळं येतंय असं वाटेल. अर्धवट ओळखीचं माणसाला पाठ असल्यासारखं भासतं. बाकीचे अडखळतील, तू उत्तर देशील, बरं वाटेल, आणि हळूहळू वही घरी राहायला लागेल. तू तिथे ओळखायला गेलेली नाहीस, लिहायला आणि बोलायला गेली आहेस. म्हणून रोज, ड्युटी कुठलीही असो, त्या दिवशीच्या एका पेशंटचा हँडओव्हर जर्मनमध्ये लिही. पाच-सहा वाक्यं, जास्त नको. नाव घालू नकोस, खाटेचा नंबर घाल. शब्द अडला तर शब्दकोश बघ, पण अख्खं वाक्य यंत्राकडून घेऊ नकोस. मग प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मार आणि स्वतःला विचार, इथे ‘हाबे’ का, ‘बिन’ का. दर शनिवारी त्यातले दोन मॅडमना दाखव. मेट्रोत वासुदेवनगरपासून शंकरनगरपर्यंत ए-टूच्या ध्वनिफिती ऐक, पण एकच फीत आठवडाभर. रोज नवी ऐकलीस तर कानाला सवय होते, अर्थ तसाच राहतो.

शब्दांचंही बघ. गोएथेच्या यादीत ए-टूला साधारण १३०० शब्द आहेत, बी-वनला साधारण २४००. ती यादी त्यांच्याच संकेतस्थळावर मिळते. ए-टूची यादी छापून घे आणि जो शब्द वाक्यात वापरता येत नाही त्याच्यापुढे फुली मार, नुसता अर्थ माहीत असला तरी फुलीच. सारख्या फुल्या येत राहिल्या तर तुला इतके दिवस वर्गातलं हसणं का कळत नव्हतं हेही उमजेल.

मॅडमना विचार की दुसऱ्या भागाची चालू बॅच कुठपर्यंत आली आहे. ‘वाइल’ आणि चतुर्थी अजून व्हायची असेल तर ह्याच आठवड्यात जाऊन बस. ते होऊन गेलं असेल तर मधेच घुसू नकोस, पुढची बॅच कधी निघते ते विचार, तोवर बी-वनच्या वर्गात नुसतं ऐकायला बसू देतात का ते बघ, आणि मेट्रन सिस्टरांकडे जायचं ते मात्र पुढच्या महिन्याचा चार्ट लागायच्या आत.